नाकाबंदीत गाडीची झडती: पोलीस वॉरंटशिवाय कधी घेऊ शकतात आणि तेव्हा आपण काय करायचं

कोल्हापूर–गोवा मार्गावर आमच्या टुरिस्ट गाड्या चालतात, त्यामुळे नाकाबंदी, चेकपोस्ट, ‘गाडी बाजूला घ्या’, ‘डिकी उघडा’ हे आमचं नेहमीचंच. एकदा प्रवाशांच्या बॅगांत गोव्याच्या दारूच्या बाटल्या निघाल्या आणि आमची गाडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. ती कोर्टातून सोडवून आणताना वकिलांकडून, कोर्टातल्या कारकुनांकडून आणि काही चांगल्या पोलिसांकडूनही बरंच शिकायला मिळालं. नवीन गाडी घेतलेल्यांना आणि या धंद्यात नव्याने आलेल्या ड्रायव्हर मुलांना ते उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. मी वकील नाही. गुन्हा दाखल झाला तर वकील गाठायलाच हवा.

लोक दोन टोकांच्या समजुती घेऊन गाडी चालवतात. काहींना वाटतं, पोलीस वाट्टेल ते करू शकतात. काहींनी परदेशी व्हिडिओ पाहून ठरवलेलं असतं की ‘वॉरंट दाखवा’ म्हटलं की समोरच्याला गाडीला हात लावता येत नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीची झडती बहुतेक वेळा वॉरंटशिवायच होते, आणि बऱ्याच वेळा ती कायदेशीरही असते. मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी कायदा पोलिसांकडून काही ना काही लेखी मागतो: कारण, यादी, सह्या, आता तर व्हिडिओसुद्धा. त्या लेखी कामाकडे लक्ष ठेवणं एवढंच सामान्य माणसाच्या हातात असतं, आणि पुढे कोर्टात तेच कामाला येतं.

१. गाडीत आधीपासून काय हवं

- लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. टुरिस्ट किंवा मालवाहू गाडी असेल तर परमिट, फिटनेस आणि टॅक्स पावती.
- हेच सगळं डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातले कागद चालतात. गॅलरीत ठेवलेला कागदाचा फोटो मात्र त्यात मोडत नाही.
- गाडी मालकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा असेल तर मालकाचा चालू असलेला फोन नंबर.
- एक वही आणि दोन पेनं.
- ओळखीच्या वकिलाचा नंबर कागदावर लिहिलेला. फोन जमा झाला तर आठवून सांगता येत नाही.
- मोफत कायदेशीर मदतीचा नंबर: १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अटकेत असलेले आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेले यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो.

टुरिस्ट गाडीवाल्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी. प्रवासी बसताना कोणती बॅग कोणाची ते विचारून वहीत लिहा. बॅगेला चिठ्ठी बांधता आली तर उत्तमच. आमची गाडी सुटायला या वहीची मोठी मदत झाली.

२. कागद बघणं वेगळं, झडती घेणं वेगळं

गणवेशातल्या पोलिसाने हात केला की गाडी डाव्या बाजूला घ्या, इंजिन बंद करा, काच खाली करा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर कागद दाखवावेच लागतात. दारूचा संशय असेल तर कलम २०३ खाली श्वासाची चाचणी घेता येते; मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. या दोन्ही गोष्टींना नकार देऊ नका.

पण कलम १३० म्हणजे कागद तपासण्याचा अधिकार. त्यात डिकी उघडून सामान उपसण्याचा अधिकार येत नाही. तसंच गाडीची चावी उपटून घ्या असं मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसेल तर कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते, पण ती लेखी कारवाई असते.

साध्या कपड्यातल्या कोणी थांबवलं तर ओळखपत्र बघायला मागा. न चिडता मागा. रस्त्यावर तोतया पोलीस असतात हे पोलिसांनाही माहीत आहे. खरा माणूस ओळखपत्र दाखवतो.

३. झडती कशाच्या आधारावर आहे ते समजून घ्या

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, म्हणून सविस्तर सांगतो.

तपासातली झडती. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १८५ नुसार, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १६५ होतं, एखाद्या गुन्ह्याच्या तपासाला लागणारी वस्तू एखाद्या ‘ठिकाणी’ सापडेल असं मानायला वाजवी कारण असेल आणि वॉरंट आणण्यात फार वेळ जाणार असेल, तर पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. कायद्यात ‘ठिकाण’ या शब्दाच्या व्याख्येत घर, इमारत, तंबू यांच्या बरोबरीने वाहनही आहे. म्हणजे गाडी यात येते. पण अट अशी की झडतीचं कारण आणि काय शोधतोय ते आधी लिहून ठेवायचं, झडतीचं चित्रीकरण करायचं आणि त्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायच्या. अधिकाऱ्याला स्वतः जाता येत नसेल तर हाताखालच्या माणसाला त्याने लेखी आदेश द्यावा लागतो. ‘बघू काही मिळतंय का’ म्हणून सरसकट उचकपाचक करायला हे कलम नाही.

संशयित मालाची जप्ती. चोरीचा किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा स्थितीत सापडलेली वस्तू याच संहितेच्या कलम १०६ खाली जप्त करता येते. मागच्या सीटवर तलवार उघडी पडलेली असेल तर वॉरंटची वाट कोणी बघत नाही.

अटकेनंतरची झडती. अटक झालेल्याची अंगझडती कलम ४९ खाली होते आणि मिळालेल्या वस्तूंची पावती त्याला द्यावी लागते. बाईची अंगझडती फक्त बाईनेच घ्यायची, आणि तीही मर्यादा सांभाळून. महिला पोलीस हजर नसेल तर थांबा, बोलावून घ्या, असं स्पष्ट सांगा. यावर माघार घेऊ नका.

अमली पदार्थ. एनडीपीएस कायद्यात अधिकार मोठे आहेत आणि अटीही कडक आहेत. कलम ४२ खाली अधिकार मिळालेला अधिकारी, जो शिपाई दर्जाच्या वरचा असावा लागतो, वाहनात माल असल्याची माहिती मिळाल्यावर ती लिहून घेऊन झडती घेऊ शकतो आणि त्या नोंदीची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे जावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर त्याची कारणंही लिहावी लागतात. कलम ४३ सार्वजनिक जागेसाठी आणि सार्वजनिक वाहनासाठी आहे. खासगी गाडी रस्त्यावर उभी असली म्हणून ती सार्वजनिक वाहन होते का? २०२१ मध्ये बूटा सिंग विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं. खासगी जीपला कलम ४२ लागू होतं, त्याचं पालन झालेलं नव्हतं, आणि आरोपी सुटले. जागेवर काय लिहिलं गेलं यावर खटला कसा फिरतो ते यात दिसतं.

याच कायद्याच्या कलम ५० नुसार अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हवी का’ हे विचारणं बंधनकारक आहे. हा हक्क अंगाच्या झडतीपुरता आहे. हातातली बॅग त्यात येत नाही, हे २००५ च्या पवन कुमार खटल्यापासून ठरलेलं आहे; गाडीच्या डिकीलाही तो लावता येत नाही.

दारू. आमच्या भागात सगळ्यात जास्त गाड्या यात अडकतात. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग दोघेही कारवाई करतात. सिंधुदुर्गात बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कचा तपासणी नाका आहे. गोव्याहून येणाऱ्या गाड्या तिथे बघतातच. गोव्यातून दारू महाराष्ट्रात आणायला महाराष्ट्राची परवानगी लागते. गोव्यातल्या दुकानदाराने दिलेला कागद म्हणजे ही परवानगी नव्हे, दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगो. बाटली प्रवाशाची असली तरी जप्त गाडीही होते. ड्रायव्हरने निघतानाच स्पष्ट विचारायला हवं.

निवडणूक. आचारसंहितेच्या काळात भरारी पथकं आणि स्थिर सर्वेक्षण पथकं गाड्या तपासतात. ५० हजारांपेक्षा जास्त रोकड असेल तर चौकशी होते. कांदा विकून परतणारा शेतकरी, लग्नाच्या खरेदीला निघालेलं कुटुंब, सगळेच यात सापडतात. बाजार समितीची हिशेबपट्टी, बँकेतून काढल्याची पावती, लग्नपत्रिका असं जे असेल ते पैशांसोबतच ठेवा. रोकड जप्त झाली आणि तिचा निवडणुकीशी संबंध नसेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येतो. जप्तीच्या कागदावर या समितीची माहिती असते, ती बघून घ्या.

मालवाहू गाड्यांना जीएसटीचे अधिकारी थांबवतात आणि ई-वे बिल मागतात. तो विषय वेगळा आहे, तुमचा ट्रान्सपोर्टर नीट सांगेल.

४. ‘डिकी उघडा’ म्हटल्यावर

गाडीत लपवण्यासारखं काही नसेल आणि पोलीस नीट बोलत असतील तर स्वतः उतरून स्वतःच्या हाताने डिकी उघडा. मी तेच करतो. पण उघडण्याआधी एवढं विचारा: “साहेब, काही गुन्ह्याच्या तपासात आहे का? कशासाठी बघताय?” उत्तर, वेळ आणि नेमप्लेटवरचं नाव लक्षात ठेवा किंवा वहीत लिहा.

विचारणं हा गुन्हा नाही. अडवणं मात्र गुन्हा ठरू शकतं. डिकीसमोर हात पसरून उभं राहणं, गाडी सुरू करून निघून जाणं, हुज्जत घालून गर्दी जमवणं यातून भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, म्हणजे सरकारी कामात अडथळा, अंगावर येतं. हातघाई झाली तर कलम १३२. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळणं बंधनकारक आहे आणि न पाळणाऱ्याला ताब्यात घेता येतं.

आणखी एक कारण आहे. आपल्याकडे झडती बेकायदा होती एवढ्यावरून त्यात सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. सत्तरच्या दशकातल्या पूरन मल खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे. एनडीपीएससारख्या कायद्यांत अटी मोडल्या तर आरोपी सुटतात, पण तो त्या त्या कायद्याचा भाग झाला. त्यामुळे रस्त्यावर झडती रोखून धरण्यात फायदा नसतो. तुमची हरकत असेल तर शांतपणे, साक्षीदार ऐकतील अशी बोला: “माझी संमती नाही, पण मी अडवत नाही. पंच बोलवा आणि चित्रीकरण करा.” हे वाक्य पाठ करून ठेवा.

५. झडती चालू असताना

झडतीच्या वेळी हजर राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘तुम्ही तिकडे टपरीवर थांबा’ म्हटलं तरी गाडी नजरेसमोर राहील असे उभे राहा. शक्य असेल तर प्रत्येक बॅग ज्याची त्याने उघडावी. एका वेळी एकच दार उघडं ठेवा म्हणून विनंती करा. चारही दारांतून चार जण एकदम वाकले की कोण काय बघतंय आणि कुठे काय ठेवतंय ते कळत नाही.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनीच करायचं आहे; यादी बनवणं आणि पंचांच्या सह्याही त्यात आल्या पाहिजेत. मोबाइलवर केलेलं चालतं. हे कलम अजून बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलेलं नाही, म्हणून आठवण करून द्या. तुम्ही स्वतः रेकॉर्डिंग करणार असाल तर हातभर लांबून करा, कोणाच्या तोंडासमोर फोन धरू नका आणि कामात आडवे येऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांचं चित्रीकरण सरसकट बंद करणारा कायदा नाही.

६. पंचनामा: इथे घाई करू नका

काही जप्त झालं तर पंचनामा होणारच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार त्या भागातले किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच हवेत, त्यांच्यासमोर झडती व्हायला हवी, वस्तूंची यादी व्हायला हवी आणि तिची प्रत तुम्हाला मिळायला हवी.

आमच्या वेळी पंचनामा गाडीच्या बॉनेटवर, मोबाइलच्या उजेडात लिहिला गेला. पंच म्हणून शेजारच्या धाब्यावरचे दोघे आले. लिहिणाऱ्या हवालदारांनी बाटल्यांचा तपशील अगदी काटेकोर लिहिला: ब्रँड, किती मिलिलिटरची, किती नग. आणि गाडीबद्दल एकच ओळ: ‘एक पांढऱ्या रंगाची चारचाकी, नंबर अमुक’. आमच्या ड्रायव्हरने तिथेच विनंती केली की गाडीचंही सविस्तर लिहा. हवालदार भला माणूस होता, त्याने लिहिलं.

गाडी जप्त होत असेल तर पंचनाम्यात हे यायलाच हवं:

- इंजिन नंबर आणि चेसिस नंबर
- किलोमीटरचा आकडा
- स्टेपनी, जॅक, टूलकिट आहे की नाही
- बॅटरी आणि टायर कोणत्या कंपनीचे, कोणत्या अवस्थेत
- म्युझिक सिस्टिम, फास्टॅग, ताडपत्री, कॅरिअर
- आधीचे ओरखडे आणि डेंट
- गाडीतल्या ज्या वस्तूंचा गुन्ह्याशी संबंध नाही त्या तुम्हाला परत दिल्याची नोंद

पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभ्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पुढे स्टेपनी गायब झाली तर ‘जप्तीच्या वेळी होती’ हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसतं. चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढून ठेवा.

तुमच्या बॅगेत नसलेली गोष्ट तुमच्या नावावर लिहिली जात असेल तर तिथेच बोला. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका. पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. चुकीचं लिहिलंय असं वाटलं तर सहीखाली ‘मजकूर मान्य नाही’ असं तुमच्या हाताने लिहा. प्रत मिळाल्याशिवाय निघू नका. नाहीच दिली तर मिळाली नाही असं वेळ टाकून वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी अर्ज करा.

रस्त्यात कोणी तुम्हालाच दुसऱ्याच्या झडतीत पंच व्हायला सांगितलं तर जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरच सही करा. वर्षा-दोन वर्षांनी कोर्टात साक्षीला जावं लागतं.

७. गाडी सोडवून आणणं

आधी गाडी कोणत्या कायद्याखाली अडकली आहे ते बघा, कारण रस्ते दोन आहेत आणि लोक चुकीच्या दारात चकरा मारतात.

कलम २०७ खाली, म्हणजे लायसन्स, नोंदणी, परमिट नसल्याने अडकली असेल तर कागद घेऊन वाहतूक शाखेत किंवा आरटीओत अर्ज करायचा. वकिलाची गरज सहसा पडत नाही.

गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झाली असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात अर्ज. सुटलेली गाडी ज्या अटींवर ताब्यात मिळते त्याला सगळे सुपुर्दनामा म्हणतात. सोबत लागतं:

- आरसी, विमा आणि मालकाचं ओळखपत्र
- एफआयआरची प्रत. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढता येते
- पंचनाम्याची प्रत
- कर्ज असेल तर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कागद
- जामीनदार आणि त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती

अर्ज दिल्यावर कोर्ट पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. इथेच दिवस जातात. तपास अधिकाऱ्याला भेटून ‘से’ कधी देताय ते नम्रपणे विचारत राहा. गाडीची मालकी तुमची, गुन्ह्यात तुमचा हात नाही आणि गाडी पडून राहिली तर खराब होते, हे अर्जात यायला हवं. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन ती लवकर सोडावीत. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत असतोच, तरी त्याचं नाव घ्या.

सुटताना कोर्ट अटी घालतं: गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, सांगितल्यावर हजर करायची. कोर्टाचा आदेश हातात आला की ठाण्यात मुद्देमाल कारकुनाकडे जा आणि ताबा घेण्याआधी पंचनाम्याची प्रत हातात धरून एकेक वस्तू ताडून बघा. कमी असेल तर ताबा पावतीवर तिथेच लिहा. बॅटरी उतरलेली असणार, म्हणून मेकॅनिक सोबत न्या. दारूबंदी कायद्याखाली गाडी सरकारजमा होण्याचीही तरतूद आहे, त्यामुळे अशा प्रकरणात गाडी हातात आली तरी खटला संपेपर्यंत तारखा चुकवू नका.

८. झडती चुकीच्या पद्धतीने झाली तर

जागेवर भांडण नको. अगदीच अंगावर आलं तर ११२ ला फोन करा. कॉलची वेळ नोंदली जाते. नंतर पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या. तारीख, वेळ, जागा, नेमप्लेटवरचं नाव, पोलीस गाडीचा नंबर, साक्षीदार, एवढंच साध्या भाषेत. शिव्याशाप आणि अंदाज नकोत. त्या भागात पेट्रोल पंप किंवा टोलनाका असेल तर तिथलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं अशी मागणी त्याच तक्रारीत करा, कारण ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं. गंभीर प्रकार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येतं. तक्रार हातोहात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेऊनच बाहेर पडा. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टची पावती पंचनाम्याच्या प्रतीसोबत लावून ठेवा.